सभ्य कोल्हा

दवाखान्यात आज आईची ड्यूटी आहे हे दिसताच जेपीटी दारातूनच मागे वळला.

"बाळ, इकडे ये," आई म्हणाली.

जेपीटी आला. तो एकाहत्तर वर्षांचा होता. आई चोवीसची. जेपीटीची आई वारली त्याच हिवाळ्यात शेजारच्या घरी ही जन्मली. इथल्या रीतीप्रमाणे वारलेल्या आईचं लीटिया हे नाव हिला मिळालं आणि नावाबरोबर मुलगाही मिळाला. ही दुपट्यात होती तेव्हापासून तो हिला आई म्हणत आला. ती नर्स होऊन इक्वालुइट शहरातून परतली तेव्हा धावपट्टीवर सगळ्यांत मोठ्याने तोच रडला होता. गावात याचं कुणाला काही वाटत नाही. दुकानदाराचे आजोबा सध्या दुसरीत आहेत.

बाकावर ऊलीपीका म्हातारी गुडघा दाखवायला बसली होती. तिची नजर जेपीटीच्या पिशवीवर गेली.

"मासा का रे?"

"तसंच काहीतरी."

"मला शेपटीकडचा तुकडा ठेव."

"यात शेपटीकडचं काही नाही," जेपीटी म्हणाला आणि आत गेला.

लीटियाने दार लावलं. "काय झालं?"

"काही नाही. नुसती पट्टी हवी." त्याने हातमोजा काढला. अंगठ्याखाली दोन खोल भोकं होती.

"कशाने?"

"दरवाजात सापडला."

"दरवाजाला सुळे होते?"

जेपीटी छताकडे बघू लागला.

"आणि पिशवीत काय आहे?"

"दरवाजा," तो पुटपुटला.

पिशवीत दुसरी पिशवी होती आणि तिच्यात आइस्क्रीमचा डबा. झाकणावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं: 'कोल्हा. डोकं. तपासणीसाठी.' खाली आजची तारीख. सगळं अगदी नियमाप्रमाणे. चावणाऱ्या जनावराचं डोकं तपासणीला द्यायचं, हे गावाला जेपीटीनेच शिकवलं होतं.

लीटियाने त्याचा हात नळाखाली धरला आणि साबण लावला. "पंधरा मिनिटं धुवायचं. बोल आता."

"यंदा बर्फाखाली उंदीरच नाहीत. सगळे कोल्हे कचऱ्यापर्यंत येतायत. मला वाटलं, हाही भुकेपोटी आला. स्लेजपाशी येऊन बसला. मी सीलची चरबी दिली तर हातातून खाल्ली. हळूच, एकेक तुकडा. इतका सभ्य कोल्हा मी जन्मात पाहिला नाही."

"दर वर्षी शाळेत जाऊन पोरांना काय सांगतोस तू?"

जेपीटी शाळेतल्या आवाजात म्हणाला, "जो कोल्हा तुम्हाला भीत नाही, त्याला तुम्ही भ्या."

"मग?"

"पण हा सभ्य होता गं."

लीटियाने पुन्हा साबण लावला.

"चरबी संपली तेव्हा त्याने माझा हात धरला," जेपीटी म्हणाला. "सोडला, तर स्वतःचाच पाय चावत बसला. तेव्हा कळलं, पिसाळलाय. मग गोळी घातली. वाईट वाटलं."

तिने फ्रिजमधून दोन कुप्या काढल्या. एक जखमेभोवती टोचायची, एक दंडात. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी तीन.

जेपीटी उठला. "छे छे. तू पट्टी बांध फक्त. सुया घेतल्या की गावभर होणार. मी शाळेत काय तोंड दाखवू?"

"आणि नाही घेतल्या तर? एकदा लक्षणं दिसली की जगात औषध नाही त्यावर. कुत्र्यांचं पाहिलंयस ना?"

पाहिलं होतं. त्याची स्लेजची कुत्री पिसाळली होती, एका आठवड्यात सात. स्वतःच्याच बंदुकीने मारावी लागली. जेपीटी परत बसला, पण बाही काही वर करेना.

"आई, माझं वय झालं आता. माझ्यावर कशाला औषध वाया घालवतेस?"

"आईच्या आधी मुलांनी जायचं नसतं."

"मागच्या खेपेला तूच गेलीस की आधी. पाळला ना नियम?"

"मागच्या खेपेचं मागे राहिलं. आता मी इथे आहे. मी जाईपर्यंत तू थांबायचं."

जेपीटीने मनातल्या मनात आकडेमोड केली. "म्हणजे अजून साठेक वर्षं?"

"धरून चाल."

"फार होतात गं."

"बाही वर कर."

बाही वर झाली. दंडातली सुई त्याला कळलीही नाही. जखमेभोवतीची मात्र फार दुखते. जेपीटी भिंतीवरचा, लहान मुलांनी दात कसे घासावेत याचा तक्ता वाचत राहिला. सगळे दात घासून झाले तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की सुई केव्हाच निघाली आहे आणि लीटियाने हात अजून सोडलेला नाही. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"झालं हं, आई, झालं," तो मोकळ्या हाताने तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाला. "इतकं काही दुखत नाही."

दार ढकलून ऊलीपीकाने डोकं आत घातलं. भिंत पातळ होती, म्हातारीने बाहेर सगळं ऐकलं होतं. तरी तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"म्हणजे," तिने जेपीटीला विचारलं, "कोल्हा हिला चावला?"