कोशिंबिरीतला जंतू

जळगाव जामोदच्या एका मुलींच्या वसतिगृहात वर्षभरात तिसऱ्यांदा टायफॉईड पसरला. सतरा मुली दवाखान्यात होत्या आणि पाणी तर दर वेळी स्वच्छच निघत होतं. म्हणून या खेपेला प्रयोगशाळेतल्या यास्मीनने ताटातल्या प्रत्येक पदार्थाचा नमुना पीसीआर मशीनवर लावला. दुसऱ्याच दिवशी कोशिंबिरीत टायफॉईडचा जंतू सापडला. मग स्वयंपाक करणाऱ्या चौघींच्या शौचाचे नमुने तपासले, तेव्हा तोच जंतू वच्छलाबाईंच्या नमुन्यात निघाला.

यास्मीन स्वतः त्यांना सांगायला आली. वच्छलाबाई भांबावल्या.

"मले त कधी साधा ताप बी येत नाही, मॅडम. बारा वर्सं झाले, एक खाडा नाही माहा."

"तेच तर, मावशी. काही माणसांच्या पोटात हा जंतू वर्षानुवर्षं राहतो. त्यांना स्वतःला काही होत नाही, पण त्यांच्या हातचं खाणाऱ्याला होतं. यात तुमची काही चूक नाही. औषध घेतलं की जाईल."

"वर्सानुवर्सं म्हंजे किती?"

"कधी कधी वीस-पंचवीस वर्षंसुद्धा."

वच्छलाबाईंनी पदराला हात पुसले, कोरडे झाले तरी पुसतच राहिल्या. मग त्यांनी वर पाहिलं.



"माह्ये दोन लेकरं टायफॉईडनंच गेले, मॅडम. मीच भरवत होती वो त्यायले."