दीपगृह

घड्याळजींना जोडायच्या ठोकळ्यांचे संच जमवायचं भारी वेड, पण आणलेला खोका त्यांनी कधी फोडला नाही. सगळे सीलबंद, कपाटात. नुकत्याच बाजारात आलेल्या दीपगृहाच्या संचाचं सील मात्र त्यांनी घरात पाऊल ठेवताच फाडलं. बायकोच्या मनगटाचं प्लास्टर निघालं होतं आणि आखडलेल्या बोटांना काम द्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"अहो, नवाकोरा खोका फोडलात?"

"बोटं वळायला हवीत. बस इथे."

रोज संध्याकाळी दुकान बंद करून ते तिच्याशेजारी बसत, एकेक ठोकळा पुढे करत. गप्पांना ऊत येई. दीपगृह मात्र अर्ध्याच्या वर काही जाईना.

एका दुपारी ते अचानक घरी आले. टेबलावर दीपगृह दिव्यासकट पूर्ण उभं होतं आणि ती दोन्ही हातांनी भराभर त्याच्या कडेचे ठोकळे सुटे करायला लागली होती.

"अगं, हे काय?"

ती चोरी पकडल्यासारखी हसली. "पुरं झालं की तुम्ही पुन्हा पेपरात तोंड खुपसून बसाल."

चपला काढून घड्याळजी तिच्याशेजारी बसले आणि वरचा दिवा त्यांनी हलकेच उपटला.

"उद्या पार पायापासून घेऊ," ते म्हणाले.