न जुळलेला ट्रिगर

नेमबाजीची निवड चाचणी सुरू व्हायची वेळ झाली, तरी दमयंतीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिनं रिकाम्या रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा दांडा, पुन्हा पुढं ढकलून बंद केला. ट्रिगरला बोटही लागलं नव्हतं, तरी आतून 'टक्' झालं. गोळी भरलेली असती, तर सुटली असती.

हा हलका नवा ट्रिगर तिच्या वडिलांनी, अप्पांनी, हौसेनं आणून स्वतः बसवला होता. फौजेत उभी हयात बंदुका दुरुस्त केलेल्या माणसाला 'तुमचं चुकलं' असं घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं. आत्ताही ते वर प्रेक्षकांच्या काचेमागं छाती पुढं काढून बसले होते.

तिनं पुन्हा बोल्ट बंद केला. या वेळी काहीच झालं नाही. भास झाला असेल का? चाचणी हुकली तर वर्ष गेलं. शेजारी एक मुलगी वाकून बुटाची नाडी बांधत होती. दमयंतीनं पुन्हा करून पाहिलं. टक्.

तिनं हात वर केला.

पंचांनी स्वतः बोल्ट दोनतीनदा बंद करून पाहिला. "ही रायफल आज चालणार नाही," ते म्हणाले.

अप्पा तरातरा खाली आले. "आण इकडं!" त्यांनी बोल्ट बंद केला आणि तो आवाज ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "ट्रिगर चांगला आहे गं, पण या जुन्या बोल्टशी तो जुळतच नाही, त्याला धरून ठेवत नाही. मी तपासायला हवं होतं." मग तिच्याकडं बघत म्हणाले, "यापुढं मी काहीही बसवलं, तरी आधी दुसऱ्या कुणाला दाखवत जा."

वर्ष हातचं गेलं होतं, तरी दमयंतीचा सकाळपासून कोंडलेला श्वास मोकळा झाला.