अर्ध्या झाकणाची पेटी

"अर्ध्या झाकणाचीच द्या," धाकटी म्हणाली. "चेहरा दिसायला हवा."

दुकानदाराने दोघा भावंडांना कोपऱ्यातल्या शवपेटीपाशी नेलं. तिच्या झाकणाचे दोन भाग होते. वरचा उघडला की माणूस छातीपर्यंत दिसे. "हिला वाळवी लागत नाही," तो म्हणाला.

"लागली तरी तक्रार करायला कोण येणार आहे?" दादा पुटपुटला. त्याला साधी, बंद झाकणाची पेटी हवी होती. बाबांना मुकाट्याने पोचवावं आणि आईला घरीच ठेवावं, असं त्याचं मत.

आईचं हल्ली काही लक्षात राहत नव्हतं. "हे कुठे गेलेत?" ती विचारायची. बाबा गेले, असं सांगितलं की ऊर फुटेस्तोवर रडायची, आणि चहा निवायच्या आत विसरून पुन्हा विचारायची.

"दर वेळी नव्याने मारतोय आपण बाबांना," दादा म्हणाला. "तिला दाखवून काय साधणार?"

"डोळ्यांनी पाहिलं की पटेल तिला. नाहीतर ती जन्मभर विचारत राहील, आणि आपण..." वाक्य तिथेच टाकून धाकटी अस्तराचं कापड चाचपायला लागली.

बाबा गेल्यापासून तिचं बूड कुठे टेकलं नव्हतं. त्यांच्या सुटाला इस्त्री तिने केली. सगळ्या नातेवाइकांना फोनही तिनेच केले. "बाबा गेले" हे शब्द आता पत्ता सांगावा तसे तिच्या तोंडून निघत. मृतांना सजवणाऱ्या बाईंनी फोटो मागितला, तर तोही तिनेच धाडला. बाबांनी गंमत म्हणून फोनवर स्वतःच काढलेला, चांगला हसरा.

दुसऱ्या दिवशी लोक यायच्या आधी दोघांनी आईला अंत्यदर्शनाच्या खोलीत नेलं. सजवणाऱ्या बाई पेटीशेजारी अदबीने उभ्या होत्या. काम चोख होतं. आजाराने बसलेले गाल भरून आले होते. आईने वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"हे आमचे नव्हेत," ती म्हणाली. "कुणाला आणून ठेवलंय?"

दादाने बहिणीकडे बघितलं. तिने बाबांचा टाय सरळ केला. फुलं सरकवली. डोक्यावरचा दिवा मंद करायला लावला. खरं तर तिलाही ते बाबा परकेच वाटत होते, पण चुकलंय काय ते सापडत नव्हतं. आता झाकण लावलं तर सगळं फुकट. आई दाराकडे डोळे लावून बसणार, ते कायमचंच.

"कंगवा आहे का कुणाकडे?" आईने विचारलं.

बाईंनी दिला. आईने बाबांचा भांग मोडला आणि दुसऱ्या बाजूने पाडला. कानामागची बट अंगठ्याने दाबून बसवली. तेव्हा कुठे धाकटीच्या डोक्यात उजेड पडला. फोनने फोटो आरशातल्यासारखा उलटा काढला होता, आणि बाईंनी बिचाऱ्यांनी त्याच्याबरहुकूम भांग पाडला होता.

"चूक माझीच," ती बाईंना सांगू लागली. बाहेर माणसं जमल्याचा आवाज येत होता. खुर्च्या पुरणार नाहीत, फुलांच्या बादल्या वाटेतच आहेत, असं काहीबाही बोलत ती दाराकडे निघाली.

आईने तिचं मनगट धरलं. पेटीतल्या चेहऱ्याकडे एकवार पाहिलं, मग लेकीच्या कोरड्या डोळ्यांकडे. तिला शेजारच्या खुर्चीत बसवलं, आणि वाईट बातमी सांगताना माणूस आणतो तसा आवाज खाली आणला.

"बाळ, बाबा गेले गं तुझे. तुला कुणी सांगितलं नाही वाटतं?"