ताई चीतला पहिला नंबर

पार्किन्सन्सने हालचाली मंदावल्यापासून सगळ्यांनी पुरुषोत्तमरावांमागे 'लवकर चला'चा धोशा लावला होता. इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या चिनी वैद्यबाईंनी मात्र 'गोळ्या चालू ठेवा आणि ताई चीला, त्या संथ चिनी व्यायामाच्या वर्गाला, जा' असं सुचवलं, आणि त्या वर्गात सगळं उलटंच निघालं. शिकवणाऱ्या मिसेस लाऊ सगळ्यांना सांगायच्या, "स्लोअर प्लीज. पुरुषोत्तमकडे बघा." बोलणी खायची त्यांची बायको सुहासिनी. तिचा पाय दर गुरुवारी घाईने पुढे पडायचा.

"तुला काही हे जमायचं नाही," घरी येताना पुरुषोत्तमराव ऐटीत म्हणायचे.

"तुमच्यासारखं कुठलं जमायला," ती म्हणायची.

एका सकाळी ते किचनच्या खिडकीशी आले. मागच्या गार्डनमध्ये सुहासिनी एकटीच ताई ची करत होती, इतकी संथ आणि नेटकी, की मिसेस लाऊंनीही बघत राहावं. पुरुषोत्तमराव आल्या पावली मागे फिरले.

पुढच्या गुरुवारी तिचा पाय पुन्हा घाईने पुढे पडला.

"अगं, सावकाश," पुरुषोत्तमराव म्हणाले. पार्किन्सन्समुळे चेहऱ्यावर हसू चटकन उमटत नाही, याचं त्यांना पहिल्यांदाच बरं वाटलं.