भरिताची चव

साखरखेर्ड्याच्या देशमुखांकडे चंपाषष्ठीचं भरीत हिंमतरावांच्या बहिणीनं, कोकिळेनंच करायचं, हे ठरलेलं. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली ताजी वांगी, त्यात पातीचा कांदा. पंगत बोटं चाटतच उठायची.

यंदा तिच्या शिकलेल्या वहिनीनं मोसमी भाज्यांच्या स्वयंपाकाचं पुस्तक लिहून छापलं आणि त्यातलं कोकिळेचं भरीत चुलीपाशी बसून तिला वाचून दाखवलं.

“वन्सं, काही चुकलं तर नाही ना?”

“नाई वयनी. ते शेवटचं पुन्हा वाचा बरं.”

“‘आधी गोडसर लागते, मग धुराची चव येते, मागून मिरची झोंबते.’”



नवव्या वर्षी कुंकू पुसल्यापासून जिच्या ताटात कांदा-वांगं पडलं नव्हतं, ती कोकिळा चुलीकडे बघत म्हणाली, “असं लागते काय माह्यं भरीत?”