कप्तानाची चौकशी

सिद्धारामच्या मोबाईलच्या दुकानात कुंडलिकरावांनी आपला फोन पुढं सरकवला आणि हळूच सांगितलं, की यात तो अंतराळाचा गेम घालून दे, आणि आमच्या घरी कुणाला बोलू नकोस. सिद्धारामनं एकदा त्यांच्या पिकल्या मिश्यांकडं पाहिलं, एकदा फोनकडं. पण गिऱ्हाईक जुनं. त्यानं मुकाट्यानं गेम घालून दिला.

त्यांच्या धाकट्या मुलीला, वैष्णवीला टेंभुर्णीचं स्थळ आलं होतं. मुलगा दिग्विजय, केळी ठेवायच्या कोल्ड स्टोरेजचा स्वतःचा धंदा, माणसं चांगली. बघण्याचा कार्यक्रम झाला, मुला-मुलीनं एकमेकांचे नंबरही घेतले. सगळं जुळत आलं आणि तिथं पोरानं तोंड उघडलं. संध्याकाळी काय करता, असं विचारल्यावर म्हणाला, ऑनलाइन गेम खेळतो. अंतराळातल्या जहाजाचा कप्तान आहे, जहाजाचं नाव 'भीमाकाठ'. कुंडलिकरावांच्या बायकोनं, सोजरबाईंनी कपाळाला हात लावला. अहो, लग्नाचा बाप्या, आणि जहाज जहाज खेळतोय!

मध्यस्थ हरिबांना पंधरा दिवसांत उत्तर हवं होतं. कुंडलिकरावांची चौकशीची पद्धत ठरलेली. थोरल्या मुलीच्या वेळी ते नवऱ्या मुलाच्या गावात दोन दिवस चहाच्या टपरीवर बसून राहिले होते. हा मुलगा रमत होता आकाशात, म्हणजे चौकशीला तिकडंच जाणं आलं. शिवाय हा गेम खेळण्याच्या लायकीचा आहे की नुसतं रिकामटेकडं काम, तेही कळलं असतं.

आणि चौकशी कसून करणं भाग होतं. वैष्णवी अगदीच गरीब. रिक्षावाल्याला थांबा म्हणायचं तरी तिचा आवाज फुटत नसे. पाहुण्यांनी तिला विचारलेल्या प्रश्नांची निम्मी उत्तरं कुंडलिकरावांनीच देऊन टाकली होती. भलत्याच्या हाती पडली तर पोरीच्या जन्माचं वाटोळं व्हायचं, या धास्तीनं त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

गेममध्ये त्यांनी 'नवशिका' असं नाव घेतलं, 'भीमाकाठ' हुडकून काढलं आणि चाकरीचा अर्ज टाकला. कप्तानानं त्यांना इंजिनावर नेमलं. बरंच झालं. मोटारींचं वाइंडिंग करण्यात ज्यानं तीस वर्षं काढली, त्याला इंजिनाचं काय कौतुक? रोज संध्याकाळी सात वाजले की ते दुकानाचं शटर अर्धं ओढायचे आणि आकाशात जायचे.

पहिल्या दोन दिवसांतच कप्तानानं जहाज दोनदा खडकावर घातलं. कुंडलिकराव मनातल्या मनात नकार देऊन मोकळे झाले. पण कप्तान तोंडानं कधी बोलायचा नाही, लिहायचा. आणि दोन्ही वेळा त्यानं लिहिलं, 'चूक माझी. परत करू.' चूक कबूल करणारा जावई? कुंडलिकरावांनी नकार थोडा लांबवला.

पुढं तर माणूस झपाट्यानं तयार झाला. एकदा कुंडलिकरावांनीच इंजिन जाळलं, तर शिवी नाही, टोमणा नाही. सगळ्यात कच्च्या गड्याला तो कधी एकटा सोडत नसे. एकदा ऐन मोक्याला गल्लीतली लाईट गेली आणि कप्तानही गायब झाला. टेंभुर्णीलाही लाईटचे हेच हाल दिसतात, म्हणून कुंडलिकरावांनी वीजवाल्यांना दोन शेलक्या घातल्या.

शनिवारी मोठी स्पर्धा होती. चाळीस जहाजं, कोरड्या पडलेल्या ग्रहावर बर्फ पोचवायचा. कुंडलिकराव मूळचे सांगोल्याचे. टँकरची वाट बघणं काय असतं ते त्यांना कुणी सांगायला नको. 'भीमाकाठ' दुसऱ्या नंबरावर धावत होतं. तेवढ्यात वाटेत एक परकं, मोडकं जहाज दिसलं. चाचे त्याला घेरून होते. बाकीची जहाजं बाजूनं सटकली. कप्तानानं मात्र जहाज वळवलं.

"आरं, कुटं निगाला!" कुंडलिकराव फोनकडं बघून ओरडले.

कप्तानानं लिहिलं, 'त्यांना सोडून जिंकायचं नाही. नवशिका, इंजिन सांभाळा. तुमच्या भरवशावर चाललेय.'

शेवटचा शब्द घाईत लिहिलेला. कुंडलिकरावांनी धड वाचलाही नाही. त्यांना घाम फुटला होता. असा भरवसा त्यांच्यावर आजवर कुणी टाकला नव्हता. त्यांनी इंजिन पार पिळून काढलं. चाचे पळाले, मोडकं जहाज सुटलं आणि त्यानं आपलं उरलेलं सगळं इंधन 'भीमाकाठ'ला देऊन टाकलं. मग काय! एकेका जहाजाला मागं टाकत 'भीमाकाठ' पहिलं आलं. कुंडलिकरावांनी टेबलावर अशी थाप मारली, की बाहेर मोटार घेऊन आलेलं गिऱ्हाईक दचकलं. ऊर भरून आला होता त्यांचा. गेम खेळण्यासारखा होता, आणि माणूस तर सोन्यासारखा होता.

रविवारी सकाळी निघताना त्यांनी वैष्णवीचं मन विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, मी संध्याकाळी सांगते. लाजतेय, असं समजून ते पेढ्यांचा पुडा घेऊन टेंभुर्णीच्या गाडीत बसले.

दिग्विजयच्या ओसरीवर चहा झाला. कुंडलिकरावांनी पुडा त्याच्या हातात ठेवला आणि सगळं कबूल करून टाकलं. खडक सांगितले, जळालेलं इंजिन सांगितलं, कालची लढाई सांगितली. सांगताना त्यांचे डोळे भरले.

"पाव्हणं, माझी पोर लई साधी हाय," ते म्हणाले. "तिच्या जन्माला असाच कप्तान पायजे हुता. मी आज होकार घिऊनच आलोय."

दिग्विजयनं पुडा न उघडताच खाली ठेवला. मग त्याला हसू आवरेना.

"मामा, खोटं कशाला बोलू? पंधरा दिवस झाले, मी त्या जहाजावर पाय ठेवला न्हाय. गेम खेळण्यासारखा हाय का ते आधी बघते, मग होकार-नकार सांगते, म्हणून वैष्णवींनी माझं खातं बघायच्या दिवशीच मागून घेतलंय."